पाडायचं चित्र

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मास्तरांना तर नाहीच. आणि जिला सांगायला हवं होतं, तिला सांगायची गरजच उरली नव्हती — ते पुढे येईल. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीचा माणूस लगेच समजूत घालायला लागतो. जाऊ दे रे, पोर होतास, परक्या गावात होतास. मला ती समजूत नको आहे. पण बोलायचं तर कुणाच्या तरी तोंडाकडे बघूनच बोलावं लागतं, भिंतीशी बोलता येत नाही. तसं तुमच्याकडे बघून बोलतोय. इतकंच.

मी एक चित्र काढलं होतं. मलमाच्या डबीवरचं. पण डबीकडे नंतर येऊ. आधी माझ्या हातांचं सांगतो.

कल्याणला आलो तेव्हा माझ्या दोन्ही हातांना खरूज होती. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, तळव्याच्या कडेला. स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं, गावाबाहेरच्या लष्करी छावण्यांत निर्वासित येऊन राहिलेले, धान्य रेशनवर. आमचं गाव लांब, आजऱ्याच्या पलीकडे. वडील गेले आणि माझी शाळा सुटली, सातवीत बसलोच नाही. बेंदराच्या सणाला गावातल्या बैलांची शिंगं मी रंगवायचो, भिंतींवर बैल काढायचो. पोराच्या हातात कला आहे असं कुणीतरी आईला म्हणालं, आणि आईच्या माहेरची एक बाई कल्याणात खानावळ चालवते, तिच्याकडे मला धाडलं. गोदाक्का तिचं नाव. विधवा, उंच, हाडापेरानं मोठी. डावी भुवई कायम जराशी वर — जशी काही समोरचा खोटं बोलतोय आणि तिला ते कळलंय.

तिनं मला दारात उभा केला आणि माझे हात उलटसुलट करून बघितले. मागच्या अंगणात नेलं, कडुलिंबाचा पाला उकळलेल्या पाण्यात माझे हात बुडवले आणि नारळाच्या काथ्यानं रक्त निघेपर्यंत घासले. मी ओरडायला लागलो तसा पदराचा बोळा माझ्या तोंडात दिला. मग करंजाच्या तेलात गंधक खलून चोपडलं आणि वर फडकी बांधली. जेवायला आलेल्या लोकांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "पोराचं हात भाजल्यात."

तुम्हाला त्याचा अर्थ कळतोय ना? खानावळीत खरूज आहे असं एकाला जरी कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी ताटावर कुणी बसलं नसतं. बरी होईपर्यंत रोज सकाळी ती माझे हात घासायची, मग स्वतःचे हात कढत पाण्यानं आणि राखेनं धुवायची आणि भाकऱ्या थापायला बसायची. रेशनकार्डावर माझं नाव नव्हतं. मी जे जेवत होतो ते कुणाच्या वाटणीचं होतं ते मला दिसत होतं. रात्रीची ती बऱ्याचदा ताकच पिऊन निजायची.

असं असताना मी तिचा राग करायचो.

हो, राग. सांगताना लाज वाटते, पण दुसरा शब्द नाही. वाढायला आली की रोज, अगदी रोज, सगळ्या पंगतीसमोर ती म्हणायची — "जेव की रं. लाजतूस कशाला? फुकटचंच हाय!" आणि पंगत हसायची. तिच्या मनात काही नव्हतं. आमच्याकडं बायका अशाच बोलतात, माया करायची ती ओरडून करतात. पण कल्याणच्या त्या कारकुनांना ते कुठलं कळायला? सप्रे म्हणून रेल्वेच्या मालधक्क्यावरचे एक कारकून होते, त्यांनी माझं नाव 'फुकटराव' ठेवलं. "या फुकटराव, बसा. आज आमटी जरा पातळ झालीय, चालेल ना तुम्हाला?" मी हसायचो. मी सगळ्यांपुढे हसायचो. भीती वाटायची मला. उद्या हिनं हाकललं तर कुठे जाऊ? आणि ज्याची भीती वाटते आणि ज्याचं खातो, ते एकच माणूस असलं की आत काय साचत जातं ते मी सांगू शकत नाही. घास गिळताना तिच्या त्या भुवईकडे बघायचो. इतकी बघितली की डोळे मिटून काढता आली असती.

आणि तेच तर झालं. पण थांबा, अजून चित्रशाळेचं सांगितलं नाही.

अक्कानंच मला पाटणकर मास्तरांकडे नेऊन घातलं. मास्तर लेबलं, डब्या, दिनदर्शिका, दुकानांच्या पाट्या करायचे. उदबत्तीवाले, तपकीरवाले, तेलवाले त्यांच्याकडे यायचे. शिकायला आम्ही चार-पाच पोरं. त्यात मी एकटा शाळा सोडलेला. विनायक म्हणून डोंबिवलीचा एक होता, ड्रॉइंगच्या सरकारी परीक्षा दिलेला, वडील मुंबईला कचेरीत. तो मला पहिल्या दिवशी म्हणाला, "काय रे, शिंगं रंगवून झाली? आता शेपटी राहिली असेल." शुद्ध बोलायचा. शुद्ध बोलणारी माणसं टोमणासुद्धा इस्त्री करून मारतात.

मास्तरांची काम करायची एक रीत होती. गिऱ्हाईक आलं की आम्ही कुणी पेन्सिल हातात घ्यायची नाही. नुसतं ऐकायचं. मास्तर त्याला तीन प्रश्न विचारायचे. काय विकायचंय? कुणाला विकायचंय? आणि तिसरा — ते विकत घेताना माणसाला लाज कशाची वाटते? हा तिसरा प्रश्न ऐकून गिऱ्हाईक बावचळायचं. मास्तर म्हणायचे, ती लाज कळली की चित्र अर्धं झालं. मग आम्हाला बाहेर पिटाळायचे — बाजारात जा, ती वस्तू ज्या फळीवर बसणार ती फळी बघून या, घेणाऱ्याचा हात बघून या. आल्यावर रद्दी कागदावर अंगठ्याएवढी चित्रं काढायची. ढिगानं. त्यातलं एखादं मास्तर बोट ठेवून निवडायचे, ते मोठं करायचं.

चेहऱ्याचा नियम वेगळा. दुसऱ्याच्या कॅलेंडरातला चेहरा उचलायचा नाही. चेहरा जिवंत माणसाचाच पाहिजे, आणि ज्याचा घेतला त्याला जाऊन सांगायचं. माल छापून आला की पहिला नग त्याच्या घरी नेऊन द्यायचा. "चेहरा म्हणजे काय रस्त्यावर पडलेली वस्तू आहे का?" मास्तर म्हणायचे.

आणि शेवटचा नियम, माझ्या वाट्याचा. गिऱ्हाइकापुढे तीन चित्रं ठेवायची — एक उजवं, एक डावं, एक पाडायचं. उजवं म्हणजे जे आपल्याला विकायचंय ते. डावं म्हणजे त्याच्याहून जरा कमी. आणि पाडायचं म्हणजे जे बघताक्षणी गिऱ्हाइकानं "छे छे, हे नको" म्हणावं असं. त्याला काहीतरी नाकारायला मिळालं पाहिजे, नाहीतर आपण निवडलं असं त्याला वाटतच नाही. एकदा 'नको' म्हणून झालं की माणूस सैल होतो आणि उजव्यावर येतो. नेहमी यायचा.

नवीन पोरानं पाडायचं चित्र काढायचं. माझ्यानंतर दोन नवी पोरं आली तरी पाडायचं माझ्याकडेच राहिलं. "तुझा हात त्याला बरा आहे," विनायक म्हणाला. मास्तरांनी तसंच चालू दिलं.

विचार करा जरा. चांगलं काढायला शिकायला आलेला पोरगा, आणि त्याचं काम काय, तर नाकारलं जाणं. गिऱ्हाईक माझ्या चित्राकडे बघून तोंड वाकडं करायचं, आणि खोलीतले सगळे खूश व्हायचे. मीही मान हलवायचो. उपकारच होते ना मास्तरांचे, शिकवत होते, आत घेतलं होतं. एका ठिकाणी फुकटराव, दुसऱ्या ठिकाणी पाडायचा. दोन्हीकडे हसत होतो.

मग ठाण्याचे वैद्य आले. जाडजूड, उपरणं पंख्यासारखं हलवत बसणारे. शीतलकाया मलम — खरूज, नायटा, गजकर्ण. "डबीवर लक्ष्मी काढा," म्हणाले. "सगळे लक्ष्मीच काढतात." आणि बजावून सांगितलं की रंग दोनच, त्याच्यावर एक नाही. छापखान्यात प्रत्येक रंगाला छपाईचा वेगळा दगड लागतो, तेवढ्या खर्चाची त्यांची तयारी नव्हती. मास्तरांनी तिसरा प्रश्न विचारला. लाज कशाची वाटते? वैद्य म्हणाले, "अहो, लाज कसली म्हणून काय विचारता! लोक मलम मागतसुद्धा नाहीत. दुकानात येतात, इकडेतिकडे बघतात, साबण घेऊन परत जातात." मास्तर खूश झाले. हे त्यांना हवं होतं.

उजवं विनायकनं काढायचं ठरलं — गोऱ्यापान लेकराला मांडीवर घेतलेली आई. रंग थोडे जास्त लागणार होते, पण वैद्यांना पटवू, असं मास्तर म्हणाले. डावं म्हणजे कमळ आणि मोठी अक्षरं. आणि मला म्हणाले, "तू रोगी काढ. खरूज झालेली बाई. बघून शिसारी आली पाहिजे. रोग्याला डबीवर कोण घेतो? पटकन पडेल."

मी बाजारात गेलो नाही. मला कशाला जायला हवं होतं?

दुपारची वेळ होती, चित्रशाळेत बाकीचे जेवायला गेलेले. त्या दिवशी मी खानावळीत गेलो नव्हतो. आदल्या दिवशी अक्का पंगतीत म्हणाली होती, "वर्सं गेली, अजून ह्याचं एक चित्र कुणी घेतलं न्हाई. पर जेवतंय मातूर झ्याक!" आणि सप्रे हसता हसता ठसका लागून उठले होते. मी कागद घेतला आणि भुवई काढली. डावी. पहिल्या रेघेत आली. मग नाक, मग ती खालच्या जाड ओठाची पट्टी, मग मोकळं कपाळ. गालाचं हाड. मग हात. हातांवर मी माझी खरूज काढली. मला पाठ होती ती. बेचक्यांतल्या पुळ्या कशा एका ओळीत येतात, मनगटाला कडं घातल्यासारखी कशी पसरते, खाजवून खाजवून कुठे साल निघते, सगळं. जे हात तिनं घासून साफ केले होते, त्यावरचं सगळं उचलून मी तिच्या हातांवर ठेवलं.

हे आहे ते. हे मी केलं. पण एवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. पाडायचं चित्र होतं, पडलं असतं, फाटलं असतं. मनातला विखार कागदावर ओतला आणि कागद फाडला, तर कुणाचं काय जातं? कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो.

ते पडलं नाही.

वैद्यांनी विनायकच्या आईकडे बघितलं, कमळाकडे बघितलं, माझ्या चित्राकडे बघितलं, आणि नकळत स्वतःचं मनगट खाजवायला लागले. मास्तरांनी ते पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. वैद्य म्हणाले, "अरे, हिला बघून माझ्याच अंगाला खाज सुटली! हे द्या. हेच द्या. आणि दोन रंगांत बसतंय — वा! कपाळाला कुंकू नाही ठेवलंत ते?" मी म्हणालो, लाल रंग दुसरीकडे पडला की हातांवरची नजर हलते. माझ्या तोंडून असं शहाणं वाक्य कधी निघालं नव्हतं. विनायक माझ्याकडे बघतच राहिला.

ते गेल्यावर मास्तरांनी विचारलं, "चेहरा कुणाचा?"

सरळ प्रश्न होता. ते सगळ्यांना विचारायचे. त्या वेळी मी 'अक्काचा' म्हणालो असतो तर काय झालं असतं? त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या, चेहरा बदलायला लावला असता, दुपारभराचं काम. तिला कधी कळलंही नसतं. मी म्हणालो, "कुणाचा नाही. मनातून आला."

मास्तरांनी चित्र उजेडात धरलं; अक्काला त्यांनी एकदाच, ती मला घालायला आली तेव्हा, दारात पाहिलं होतं. म्हणाले, "असा चेहरा मनातून येत नाही रे. आला असेल तर तू झालास चित्रकार." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. चित्रशाळेत गेल्यापासून पहिल्यांदा. त्या हाताचं वजन मला अजून सांगता येईल.

डब्या आल्या. नुसत्या डब्या असत्या तर एक वेळ निभावलं असतं. पण वैद्यांना चित्र इतकं आवडलं की त्यांनी मोठी पत्र्याची पाटी करून घेतली. ठाण्याच्या बाजारात, ठाकुर्लीला फाटकाजवळच्या दुकानावर, डोंबिवलीत, आणि कल्याणात आमच्या गल्लीच्या तोंडाला असलेल्या औषधांच्या दुकानावरही. सकाळी आंघोळ करून निघालो की समोर ती. भुवई वर करून. हात पुढे करून.

आधी पोरांनी ओळखलं. पोरं अशा गोष्टी आधी ओळखतात. अक्का नळावर गेली की मागून ओरडायची — "शीतलकाया! ए शीतलकाया!" मग पंगतीत सप्रे म्हणाले, "काय अक्का, तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत? पाटीवर फोटो लागलाय तुमचा." सगळे हसले. दोन दिवस हसले. तिसऱ्या दिवशी एकानं भाकरी हातात घेऊन उलटून बघितली. सगळ्यांनी ते बघितलं. मग लोक भात मागायला लागले, कारण भात पळीनं वाढतात. मग यायचेच कमी झाले. सप्रे सगळ्यांत शेवटी गेले, त्यांना तिच्या हातची आमटी आवडायची. जाताना म्हणाले, "तसं काही नाही हो अक्का, पण घास घशाखाली उतरत नाही. सारखी ती पाटी डोळ्यांसमोर येते."

तिच्या हातांवर कधी एक पुळी नव्हती. ती लोकांना हात दाखवायची. खरंच — सुरुवातीला ती पंगतीत दोन्ही हात पसरून उभी राहायची, "बघा, नीट बघा." आणि ती तशी उभी राहिली की अगदी पाटीवरच्यासारखी दिसायची. तिला ते कळत नव्हतं. मला कळत होतं. मी खाली मान घालून जेवत होतो.

हो, मी जेवत होतो. तिथेच. दुसरं कुठे जाणार?

एक दिवस कुणीतरी पोरानं मलमाची रिकामी डबी दारातून आत फेकली. नियमानं जी डबी मी तिला हातात नेऊन द्यायची, ती तिला अशी मिळाली. दुपारी मी आलो तेव्हा चुलीपुढे ती एकटीच बसलेली. डबी माझ्यापुढे धरली.

"ह्ये बघ जरा. तुला चित्रातलं कळतंय. खरं सांग — ह्यात माझं त्वांड दिसतंय का?"

"नाही," मी म्हणालो. "कुठलं काय अक्का. अशा बायका गावोगाव असतात. लोकांना काय, बोलायला पाहिजे काहीतरी."

किती पटकन बोललो! अडखळलोसुद्धा नाही. तिला बरं वाटलं असावं. मान हलवली तिनं. डबी चुलीच्या उजेडाकडे नेली, परत डोळ्यांजवळ आणली. तोंडावरून तिची नजर खाली सरकली. हातांवर गेली. तिथे थांबली. बराच वेळ.

"ही खरूज मी बघितलीया," ती म्हणाली.

मला नव्हे, डबीला म्हणाल्यासारखी. मग तिनं माझ्या हातांकडे बघितलं. हात स्वच्छ होते, कधीच बरे झालेले, बोटांना काळ्या शाईचे डाग. मी ते मागे घेतले नाहीत. घेता आले नाहीत. भुवई वर होती, पण ती कायमच वर असायची. मला त्यातून काही वाचता आलं नाही. इतकी वर्षं त्या भुवईत मी काय काय वाचलं होतं, आणि ज्या दिवशी खरंच काही होतं त्या दिवशी मला वाचता आलं नाही.

तिनं डबी चुलीजवळ ठेवली. ताट घेतलं. मला वाढलं.

आणि ते वाक्य म्हणाली नाही.

मी हातात घास घेऊन वाट बघत बसलो. खोटं नाही सांगत — मी वाट बघत होतो. म्हण की. जेव की रं, लाजतूस कशाला. म्हण. ती म्हणाली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतर कधीच नाही. भाकरी वाढायची, आमटी वाढायची, मीठ लागेल का विचारायची. पूर्वीपेक्षा कमी वाढलं नाही. शिवी दिली नाही, मास्तरांकडे गेली नाही. गेली असती तर मास्तरांनी मला हाकलला असता, हे तिला माहीत होतं. तिनंच तर मला तिथे घातलं होतं.

तुम्हाला वाटेल, मोठ्या मनाची बाई. मला नाही तसं वाटत. आणि मी तसं म्हणणारही नाही, कारण तसं म्हटलं की मला सुटल्यासारखं होतं. ती माझ्याशी बोलायची बंद झाली, एवढं मला माहीत आहे. गरजेपुरतं बोलणं हे बोलणं नव्हे. तिनं मला पाहुणा केला.

पावसाळ्याआधी तिनं खानावळ मोडली. भांडी विकली, भावाकडे गावी निघाली. भाऊ कसा होता ते आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या घरात ती मान वर करून कधी गेली नसती त्या घरात राबायला गेली. स्टेशनावर पोचवायला मी गेलो. ट्रंक मी उचलली होती. फलाटावर तशीच एक पाटी होती. ती त्या पाटीकडे पाठ करून उभी राहिली, गाडी येईपर्यंत. मी समोर होतो. म्हणजे मला दोघी दिसत होत्या. गाडी सुटली तेव्हा मी हात जोडले. तिनं बघितलं की नाही, मला माहीत नाही.

माझं पुढे चांगलं झालं. पाडायचं चित्र दुसऱ्या पोराकडे गेलं, मला उजवं मिळायला लागलं. चेहऱ्यांचं काम असलं की ठाण्या-मुंबईचे लोक माझं नाव घ्यायला लागले. विनायक मात्र एकदा म्हणाला होता. मला बोलवायला खानावळीत आला होता तो, तेव्हा अक्का भांडी घासत होती. बाहेर पडल्यावर चालता चालता म्हणाला, "चांगलं साधलंयस." बस, एवढंच. त्यानंही कुणाला सांगितलं नाही. का, ते मी विचारलं नाही.

आता राहिलेलं.

मी मघाशी म्हणालो की ते चित्र पाडायचं होतं, आणि ते पडलं नाही, जसा काही वैद्यांचा दोष. इतकी वर्षं मी तसंच धरून चाललो. राग आला, चेहरा काढला, गिऱ्हाइकानं भलतंच निवडलं, मग घाबरून खोटं बोललो. भित्रा पोरगा, दुसरं काय. अशी गोष्ट असती तर मी ती कुणाला तरी सांगितली असती. सांगण्यासारखीच आहे ती.

पण पाडायचं चित्र कसं काढतात ते मला माहीत होतं. माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. हलका कागद घ्यायचा. हात काढायचे नाहीत, पदराखाली लपवायचे, हातांवर वेळ जातो. एक डोळा जरा खाली ठेवायचा. आणि रंग द्यायचा नाही — नुसती पेन्सिल. जे छापायचंच नाही त्याला रंग कशाला?

त्या दुपारी मी मास्तरांच्या कपाटातला जाड पांढरा कागद काढला. हात दोन वेळा पुसून तिसऱ्यांदा काढले, कारण करंगळी नीट येत नव्हती. डोळे अगदी बरोबर ठेवले. आणि रंग भरला. छापखान्याला चालतील असे दोनच, वैद्य म्हणाले होते तसे. काळा सगळ्या बाईला.

लाल फक्त हातांना.